डीआरबीडी ९ : रिप्लिकेशन फुकट, पण दुसरी डिस्क आणि मधली तार मोजून घ्या

निकाल आधीच सांगतो, म्हणजे नमनाला घडाभर तेल नको. एकाच आवारातल्या दोन लिनक्स सर्व्हरांवर एक व्हॉल्यूम जसाच्या तसा ठेवायचा असेल तर डीआरबीडी ९ या रिप्लिकेशनच्या, म्हणजे डिस्कची सतत प्रत ठेवणाऱ्या, सॉफ्टवेअरला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. पणजीच्या ऑफिसातून वेर्ण्याच्या कारखान्यात लीज लाइनवरून प्रत न्यायची असेल तर तीन, तेही आधी आठवडाभर मोजमाप करणार असाल तर. घाट ओलांडून पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये प्रत ठेवायची असेल तर गुण देण्यात अर्थ नाही, तिथे वेगळं काहीतरी घ्या. गोव्यात हॉटेल, नर्सिंग होम, फार्मा कारखाना किंवा सीए फर्म यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कामी येईल अशा बेताने हे लिहिलंय.

व्हिएन्नाच्या लिनबिट कंपनीचं हे सॉफ्टवेअर. जीपीएल परवान्याखाली मोफत, सपोर्ट हवा असेल तर पैसे. ते फाइल सिस्टीमच्या खाली, ब्लॉकच्या, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांच्या, पातळीवर बसतं. वर एक्सटी४ असो, एक्सएफएस असो की व्हर्च्युअल मशिनची डिस्क, त्याला फरक पडत नाही. प्रायमरीवर, म्हणजे काम चालू असलेल्या सर्व्हरवर, जो ब्लॉक लिहिला जातो तोच सेकंडरीवर, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, जातो. वाचन नेहमीच्या मांडणीत स्थानिक डिस्कवरून होतं, तारेवरून जात नाही. म्हणून नियोजन करताना वाचनाचे आकडे बाजूला ठेवा. सगळा हिशेब लिहिण्याचा, म्हणजे राइट्सचा.

हा हिशेब बहुतेक जण चुकीच्या दिवशी करतात. सर्व्हर जून-जुलैत लावायला घेतात, तेव्हाचा लोड बघतात आणि लाइन ठरवतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात खरा लोड नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात असतो, आणि त्यातही रात्रीच्या नाइट ऑडिटच्या वेळी, जेव्हा दिवसभराची बिलं बंद होतात, रिपोर्ट तयार होतात आणि वर बॅकअपही त्याच तासात लावलेला असतो. व्यापारी आणि सीए मंडळींकडे महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी. त्या दिवसांचे आकडे हवेत. सार (नोंद ठेवणारी लिनक्सची कमांड) चालू ठेवून महिनाभराची डिस्कची नोंद घ्या, आणि गर्दीच्या तासात आयओस्टॅट (डिस्कची हालचाल दाखवणारी कमांड) एकेका सेकंदाने चालवा. तीनच रकाने बघायचे: सेकंदाला किती राइट्स, सेकंदाला किती केबी लिहिले गेले, आणि एका राइटला सरासरी किती वेळ लागला. दिवसभराची सरासरी काढू नका. सरासरीत ते वाईट दहा मिनिटांचं शिखर बुडून जातं, आणि फोन येतो तो त्याच दहा मिनिटांत.

समजा गर्दीच्या वेळी सेकंदाला ६०० राइट्स, प्रत्येकी ८ केबीचे. म्हणजे पाच एमबीच्या आतबाहेर. १०० एमबीपीएसच्या लीज लाइनवर प्रत्यक्षात ११ एमबी जातात, तेव्हा सगळं आलबेल दिसतं. मग रात्री दोनला डेटाबेसचा ३० जीबीचा डंप त्याच रिप्लिकेट होणाऱ्या व्हॉल्यूमवर पडतो. स्थानिक डिस्क सेकंदाला दीडशे एमबी घ्यायला तयार, पण तार ११ च देते. ३० जीबीला पाऊण तासावर वेळ लागतो आणि तेवढा वेळ बारचं बिलिंग डंपच्या मागे रांगेत उभं. डंपला वेगळा, रिप्लिकेट न होणारा व्हॉल्यूम द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, स्वॅप, एसक्यूएल सर्व्हरचा टेम्पडीबी, विंडोजची पेजफाइल हेही तिथेच. स्वॅप, टेम्पडीबी आणि पेजफाइल दुसऱ्या मशिनवर उठल्यावर नव्यानेच तयार होतात, त्यांची प्रत नेण्यात तारेची नुसती नासाडी.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. डेटाबेसची डेटा फाइल एका व्हॉल्यूमवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल तर ते दोन्ही एकाच रिसोर्सखाली, म्हणजे डीआरबीडीच्या एकाच गटात, ठेवा. एका रिसोर्सचे सगळे व्हॉल्यूम एकाच जोडणीवरून जातात आणि राइट्सचा क्रम त्या सगळ्यांत मिळून सांभाळला जातो. वेगवेगळे रिसोर्स केलेत तर तार तुटताना लॉग पुढे आणि डेटा मागे, किंवा उलट, अशी जोडी सेकंडरीवर सापडू शकते. असा डेटाबेस उठेलच याची खात्री कोणी देणार नाही.

आता लॅटन्सी, म्हणजे एका राइटला लागणारा वेळ; घोडं पेंड खातं ते इथेच. डीआरबीडीत तीन प्रोटोकॉल, म्हणजे राइट कधी पुरा मानायचा याचे नियम, आहेत. सी मध्ये दोन्हीकडच्या डिस्कवर राइट झाला की मगच अॅप्लिकेशनला 'झालं' म्हणून कळतं. बी मध्ये समोरच्या मशिनच्या मेमरीत पोचला की पुरे. ए मध्ये स्थानिक डिस्कवर लिहून झालं आणि आपल्याच टीसीपी बफरमध्ये (तारेवर जाण्याआधीच्या तात्पुरत्या मेमरीत) टाकलं की पुरे. बी फारसं कोणी वापरत नाही, त्याच्यावर शब्द घालवत नाही.

सी मध्ये स्थानिक राइट आणि तारेवरचा राइट एकाच वेळी सुटतात, त्यामुळे वेळ बेरजेने वाढत नाही, दोहोंतला जो लांब तो धरायचा. स्थानिक एसएसडीला ०.२ मिलिसेकंद, थेट केबलीवर जाऊन येण्याला ०.१५ आणि समोरच्या एसएसडीला ०.२ धरले तर एकूण ०.३५. एकामागून एक कमिट करणारा, म्हणजे व्यवहार पक्का नोंदवणारा, डेटाबेस सेकंदाला ५००० वरून साधारण २८०० वर येतो. कागदावर हे जवळपास निम्मं दिसतं. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला मात्र याची कुणकुणही लागत नाही, कारण त्यांची गरज काही शेकड्यांच्या वर नसते.

पणजी ते वेर्णे हा मामला वेगळा. फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. पंचवीस किलोमीटरला जाऊन-येऊन पाव मिलिसेकंद. नकाशावर हे छान दिसतं. पण लीज लाइन सरळ जात नाही. ती कंपनीच्या एक्स्चेंजांतून, स्विचांतून वळसे घेत जाते आणि पिंगला तीन मिलिसेकंद दिसले तर नवल वाटू देऊ नका. त्यावर समोरच्या डिस्कचे ०.२ धरा, म्हणजे सेकंदाला तीनशेच्या आसपास क्रमवार कमिट. वीस जण एकाच वेळी एंट्री मारत असतील आणि डेटाबेस त्यांचे कमिट एकत्र करून लिहीत असेल तर भागतं. एकच बॅच प्रोग्राम ओळीओळीने कमिट करत असेल, पगारपत्रकाचे जुने प्रोग्राम करतात तसं, तर दहा मिनिटांचं काम दोन-अडीच तासांवर गेलंच म्हणून समजा. लाइन १०० ची २०० एमबीपीएस करून यात काडीचा फरक पडणार नाही. रुंदी आणि लांबी यांचा घोटाळा करून लाइन वाढवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि विकणारा काही सांगत नाही.

मग लोक म्हणतात, प्रोटोकॉल ए लावा, मोकळे व्हा. मोकळे होत नाही, थोडी उसंत मिळते. ए मध्ये सगळी भिस्त बफरवर. बफर १० एमबीचा ठेवला, अॅप्लिकेशन ४० एमबी प्रतिसेकंद लिहू लागलं आणि तार ११ नेते, तर शिल्लक राहतात सेकंदाला २९ एमबी. बफर एक तृतीयांश सेकंदात भरतो. त्यानंतर अॅप्लिकेशन तारेच्याच वेगाने चालतं, प्रोटोकॉलचं नाव काहीही असो. यावर उपाय म्हणून कंजेशनचं, म्हणजे तारेवर गर्दी झाल्यावरचं, धोरण पुल-अहेड असं ठेवता येतं. बफर एका मर्यादेपर्यंत भरला की प्रायमरी पाठवायचं थांबवते, कुठले ब्लॉक बदलले ते फक्त बिटमॅपवर, म्हणजे खुणांच्या नकाशावर, टिपते, आणि गर्दी ओसरली की तेवढेच ब्लॉक रिसिंक करते, म्हणजे पुन्हा जुळवून घेते. युक्ती चांगली. दोन गोष्टी सांभाळा. कंजेशन-फिलचा, म्हणजे त्या मर्यादेचा, आकडा बफरच्या आकारापेक्षा कमी ठेवा, नाहीतर तो टप्पा कधी येतच नाही आणि धोरण नुसतं फाइलीत पडून राहतं. आणि त्या रिसिंकच्या काळात सेकंडरीवरची प्रत वापरण्याजोगी नसते, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

प्रत वापरण्याजोगी का नसते? नेहमीच्या चालीत राइट्स ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने जातात. रिसिंकमध्ये ब्लॉक डिस्कवरच्या जागेच्या क्रमाने जातात. अर्ध्यावर असताना प्रायमरी जळाली तर सेकंडरीवर अर्धं आजचं आणि अर्धं कालचं, दोन्हींची खिचडी. म्हणून सेकंडरीखाली एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) ठेवा आणि रिसिंक सुरू होण्याआधी आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेणारी स्क्रिप्ट जोडा. ती डीआरबीडीबरोबरच येते, बिफोर-रिसिंक-टार्गेट या हँडलरला (ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या कमांडच्या जागेला) लावायची. वाईटात वाईट झालं तर कालची सलग प्रत तरी हाती राहते. साध्या एलव्हीएम स्नॅपशॉटची किंमत अशी की प्रत्येक तुकड्यावरच्या पहिल्या राइटला जुना मजकूर आधी बाजूला हलवावा लागतो, त्यामुळे रिसिंक मंदावतो. शिवाय स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो स्नॅपशॉटच बाद. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये ही जागा सुरुवातीलाच मोकळी सोडा. पूर्ण डिस्क देऊन बसलात तर स्क्रिप्ट असून नसल्यासारखी.

रिसिंकचा वेग हा या उत्पादनातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ठरलेला वेग द्यायचा झाला तर लिनबिटचाच ठोकताळा आहे: डिस्क आणि तार यांतल्या हळू घटकाच्या साधारण तीस टक्के. एक गिगाबिटला ११० एमबी धरले तर ३३. नव्या आवृत्त्यांत वेग आपोआप कमीजास्त होतो, पण त्याचे मूळ आकडे दोन्ही बाजूंनी अडचणीचे. सी-मॅक्स-रेट, म्हणजे रिसिंकचा कमाल वेग, १०० एमबीवर अडकवलेला आहे, म्हणजे दहा गिगाबिटचं कार्ड टाकूनही रिसिंक शंभरच्या वर जात नाही आणि लोक कार्डाला दोष देत बसतात. उलट सी-मिन-रेट, म्हणजे किमान वेग, फक्त २५० केबी. डिस्कवर अॅप्लिकेशनची हालचाल दिसली की रिसिंक इतका खाली उतरू शकतो. या गतीने १०० जीबीला जवळपास पाच दिवस लागतात. चोवीस तास चालणाऱ्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर हालचाल कधी थांबतच नाही, तेव्हा रिसिंक रडतखडत चालतो आणि तितके दिवस तुम्ही एका पायावर उभे. एक गिगाबिटच्या खास केबलीवर सी-मिन-रेट वीसेक एमबी ठेवायला हरकत नाही. लीज लाइनवर दोन-तीन.

दुसऱ्या सर्व्हरबद्दल. नवा सर्व्हर प्रायमरी आणि जुना, कोपऱ्यात पडलेला तो सेकंडरी, ही आपल्याकडची आवडती काटकसर. प्रोटोकॉल सी मध्ये तुमचा नवा सर्व्हर जुन्याच्या वेगाने लिहील. ७२०० आरपीएमच्या चार सॅटा डिस्का रेड ५ (अनेक डिस्का एकत्र बांधण्याची एक रीत) मध्ये असतील तर विखुरलेल्या छोट्या राइट्सना सेकंदाला पाऊणशेच्या आसपास जागा मिळते, कारण प्रत्येक राइटमागे दोन वाचनं आणि दोन लेखनं. त्याच चार डिस्का रेड १० मध्ये लावल्या तर दीडशे. कंट्रोलरवर बॅटरीची कॅशे असेल तर हे झाकलं जातं, बॅटरी धड आहे तोवर. आणि उकाड्यात बॅटऱ्या लवकर जातात. एसी रात्री बंद करणाऱ्या ऑफिसांत तर विचारूच नका. बॅटरी गेली की कंट्रोलर मुकाट्याने राइट-थ्रूवर, म्हणजे कॅशे सोडून थेट डिस्कवर लिहिण्यावर, जातो, आणि सेकंडरीवरच्या या बिघाडाने प्रायमरी बसते. प्रायमरीचा आयओस्टॅट बघाल तर तिची स्वतःची डिस्क रिकामी दिसेल. ही खूण ओळखून ठेवा: खालची डिस्क निवांत, पण डीआरबीडीच्या डिव्हाइसवर राइटची वेळ चढलेली, म्हणजे दोष तारेत किंवा पलीकडे.

पलीकडची डिस्क मरतही नाही आणि चालतही नाही अशी लटकली तर मूळ सेटिंगमध्ये ६ सेकंदांचा टाइमआउट गुणिले ७ चा को-काउंट (किती टाइमआउट सोसायचे तो आकडा), म्हणजे ४२ सेकंदांपर्यंत सगळं थिजू शकतं, मग तो सोबती, म्हणजे समोरचा सर्व्हर, बाहेर काढला जातो. चेक-आउटच्या काउंटरवर ४२ सेकंद म्हणजे फार. को-काउंट ३ वर आणला तर १८. त्याच्याही खाली गेलात तर जराशा अडथळ्यानेही जोडणी तुटेल आणि उगाच रिसिंक सुरू होतील.

मेटाडेटाचा, म्हणजे डीआरबीडीच्या स्वतःच्या नोंदींचा, हिशेब सोपा आहे. ४ केबीला एक बिट, म्हणजे १ टीबीला प्रत्येक सोबत्यामागे ३२ एमबी. पण किती सोबती ते मेटाडेटा तयार करतानाच सांगावं लागतं. आज दोन नोड (सर्व्हर) असले तरी मॅक्स-पीअर्स दोन-तीन ठेवा, पुढेमागे तिसरा नोड आला तर सगळं उसवावं लागणार नाही. आधीच डेटा असलेल्या व्हॉल्यूमवर डीआरबीडी बसवताना अंतर्गत मेटाडेटा डिव्हाइसच्या शेवटच्या भागात जातो. तेव्हा आधी खालचा व्हॉल्यूम थोडा वाढवा किंवा फाइल सिस्टीम आकसून घ्या. एक्सएफएस आकसता येत नाही असं धरूनच चाला आणि व्हॉल्यूम वाढवा.

अॅक्टिव्हिटी लॉगचा आकडा मात्र विचार करून ठरवायचा. डीआरबीडी डिस्कचे ४ एमबीचे तुकडे पाडतं आणि सध्या कुठले तुकडे 'गरम' आहेत याची यादी मेटाडेटात ठेवतं. नवा तुकडा यादीत घ्यायचा म्हणजे मेटाडेटावर एक जादा राइट. मूळ आकडा १२३७, म्हणजे ४.८ जीबीचा परिसर. डेटाबेस ५० जीबीभर विखरून लिहीत असेल तर यादी सतत बदलते आणि जादा राइट्स वाढतात. फिरत्या डिस्कवर हे चांगलंच जाणवतं. आकडा ६००७ केला तर परिसर साडेतेवीस जीबी. पण प्रायमरी धाडकन बंद पडून उठली की यादीतला सगळा परिसर रिसिंक होतो: १२३७ ला ३३ एमबीच्या वेगाने अडीच मिनिटं, ६००७ ला बारा मिनिटं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात वीज जाते-येते आणि यूपीएसची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते, हे धरून मी एसएसडीवर मूळ आकड्याला हात लावणार नाही. फिरत्या डिस्का असतील तरच वाढवा.

तारेबद्दल. एकाच खोलीत दोन सर्व्हर असतील तर मध्ये स्विच नको, थेट केबल टाका. दोन्हीकडे एमटीयू, म्हणजे तारेवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार, ९००० करा. एकीकडे ९००० आणि दुसरीकडे १५०० राहिलं तर पिंग चालतो, जोडणी होते आणि पहिला मोठा राइट आला की अडकते. दोन गिगाबिट पोर्ट एलएसीपीने (पोर्ट एकत्र जोडण्याच्या रीतीने) बांधले म्हणजे एका रिसोर्सला दोन गिगाबिट मिळत नाहीत, कारण एक टीसीपी जोडणी एकाच पोर्टवरून जाते. दोन-तीन रिसोर्स असतील तर ते पोर्टांवर वाटले जाऊ शकतात. थेट केबलींवर बॅलन्स-आरआर हा मोड एका जोडणीलाही दोन्ही पोर्ट वापरू देतो. पण आज दहा गिगाबिटची जुनी कार्डं आणि एक डीएसी (तांब्याची तयार) केबल इतकी स्वस्त मिळतात की हा खटाटोप कशाला.

किनारपट्टीवरचा एक बिघाड मॅन्युअलात सापडणार नाही. कळंगुट, कोलवा, हणजूण या पट्ट्यात खारट हवेने आरजे४५ च्या टोकावरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, आणि तोही एसी बंद राहणाऱ्या खोल्यांत जास्त. एक गिगाबिटला केबलीच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. जादा जोड्यांतली एक पिन खराब झाली की कार्ड मुकाट्याने १०० वर उतरू शकतं. लिंकचा दिवा चालूच असतो, डीआरबीडी 'कनेक्टेड, अपटुडेट' दाखवत राहतं, आणि लिहिण्याचा वेग मात्र ११० वरून ११ वर. मग डेटाबेसवाल्याला फोन, अँटिव्हायरसवर संशय, सगळं होतं. इथटूल या कमांडने दोन्ही टोकांचा स्पीड बघा, शंभर दिसला तर केबल काढून सोनेरी मुलाम्याच्या चांगल्या टोकांची नवी लावा आणि कार्डाचा पोर्ट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. देखरेखीत स्पीडची अलार्म टाकणं पाच मिनिटांचं काम आहे.

पहिला सिंक कसा करायचा, हाही नियोजनाचाच भाग. ४ टीबी एक गिगाबिटवर शंभरच्या वेगाने पावणेबारा तास. तेच १०० एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार दिवस, तेही लाइनवर दुसरं काही न चालवता. दोन्ही सर्व्हर पणजीतच शेजारी ठेवून थेट केबलीवर सिंक पुरा करा, मग दुसरा बंद करून गाडीत घाला, जुवारी पुलावरून वेर्ण्याला न्या, दोन्हीकडच्या कॉन्फिगरेशन फाइलीत नवा आयपी टाका आणि जोडा. मधल्या काळात बदललेले ब्लॉक बिटमॅपवर असतातच, तेवढेच जातात. ४० जीबी बदलले असतील तर तासाभरात बरोबरी. कारखाने आणि व्यापारी फर्मना यासाठी चवथीची सुट्टी सोयीची. हॉटेलवाल्यांनी पाऊसकाळ गाठावा. खाली थिन एलव्हीएम (लागेल तेवढीच जागा घेणारं) असेल तर आरएस-डिस्कार्ड-ग्रॅन्युलॅरिटी लावायला विसरू नका, नाहीतर रिकाम्या ब्लॉकांची शून्यंही लिहिली जाऊन दुसरीकडचा पूल पूर्ण फुगतो.

चालू करण्याआधीची चाचणी, डेटा नसताना, कारण ती डिव्हाइसवर थेट लिहिते: फायो (डिस्कचा वेग मोजणारं साधन), ४ केबीचा ब्लॉक, डायरेक्ट, सिंक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच राइट), साठ सेकंद. आधी खालच्या डिस्कवर, मेटाडेटा बनवण्यापूर्वी, दोन्ही मशिनांवर. मग डीआरबीडीच्या डिव्हाइसवर जोडणी तोडून, मग जोडून, आणि शेवटी रिसिंक चालू असताना. पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक नसावा. असला तर मेटाडेटाची जागा तपासा. तोडून आणि जोडून यांतला फरक म्हणजे तार अधिक पलीकडची डिस्क. रिसिंक चालू असतानाचा आकडा तुमच्या गर्दीच्या तासाच्या गरजेपेक्षा खाली असेल तर सी-मॅक्स-रेट कमी करा किंवा तार बदला. बहुतेक जण हा शेवटचा आकडा घेतच नाहीत. सिस्टीम ज्या दिवशी आधीच अडचणीत असते त्या दिवशी ती याच वेगाने चालणार असते.

तक्रारी. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २.६.३३ पासून डीआरबीडी आहे खरं, पण वितरणांतल्या कर्नलबरोबर येतं ते ८.४ मालिकेतलं. ९ चं मोड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) वेगळं बसवावं लागतं. कर्नल अपडेट झाला आणि नव्या कर्नलसाठी मोड्यूल बनलं नाही, किंवा सिक्युअर बूटने सही नाही म्हणून अडवलं, की रीबूटनंतर जुनं ८.४ वर येतं आणि ९ चा मेटाडेटा वाचायला नकार देतं. डेटा जागेवरच असतो, पण रात्री अकराला तो संदेश बघून हातपाय गार पडतात. दोन्ही नोडांवर कर्नल अपडेट रोखून धरा आणि एकेक नोड करत, सेकंडरीपासून, हातानेच करा. दुसरी तक्रार एककांची. एक सेटिंग सेक्टरमध्ये, दुसरं केबीमध्ये, तिसरं सेकंदाच्या दहाव्या भागात. टाइमआउट ६० म्हणजे ६ सेकंद, हे मॅन पेज उघडल्याशिवाय कळायचं नाही. आकड्यामागे एकक लिहायची सोय जिथे आहे तिथे लिहाच.

दोनच नोड असतील तर तार तुटल्यावर दोघंही स्वतःला प्रायमरी समजण्याचा धोका राहतो. डीआरबीडी ९ मध्ये डिस्क नसलेला तिसरा नोड नुसता मतापुरता ठेवता येतो, कोरम, म्हणजे प्रायमरी राहायला लागणाऱ्या मतांची अट, बहुमतावर लावायचा. त्याच्यावर डेटा जात नाही, त्यामुळे एखादं जुनं छोटं मशीनही चालतं. फक्त ते प्रायमरीच्याच यूपीएसवर आणि त्याच स्विचवर लावू नका. पणजी-वेर्णे मांडणीत ते तिसऱ्या जागी, फोंड्याच्या किंवा मडगावच्या शाखेत असेल तर उत्तम. महामार्गाच्या कामात फायबर तुटतं तेव्हा याचं मोल कळतं.

घाटापलीकडच्या प्रतीसाठी झेडएफएस या फाइल सिस्टीमचा स्नॅपशॉट दर पंधरा मिनिटांनी पाठवणं जास्त शहाणपणाचं. पंधरा मिनिटांचं काम गमावण्याची तयारी ठेवायची, पण लाइनच्या लॅटन्सीचा तुमच्या बिलिंगशी संबंध उरत नाही, आणि जुने स्नॅपशॉट हाताशी राहतात. डीआरबीडीत तसं काही नाही. कोणी फोल्डर उडवला किंवा रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर तोही राइटच, आणि तो इमानेइतबारे पलीकडे पोचतो. बॅकअप वेगळा घ्यायलाच हवा.

महिन्यातून एकदा व्हेरिफाय, म्हणजे दोन्ही प्रती जुळतात का याची तपासणी, चालवा, शनिवारी रात्री, हॉटेल असेल तर मंगळवारी पहाटे. त्यासाठी व्हेरिफाय-अल्ग (तुलनेची पद्धत) आधी कॉन्फिगरेशनमध्ये द्यावा लागतो, सीआरसी३२सी पुरतो. व्हेरिफाय दोन्हीकडचा पूर्ण व्हॉल्यूम वाचतं, म्हणून वेळ आणि डिस्कचा लोड दोन्ही धरून ठेवा. फरक सापडला तर ते फक्त खूण करतं, दुरुस्ती करत नाही. जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडली की खूण केलेले ब्लॉक रिसिंक होतात. आणि फरक पुन्हापुन्हा त्याच मशिनवर सापडू लागला तर रॅम तपासा, मग कंट्रोलर.